दम घ्यायची जागा

"जरा ऐकून सांगा" असं कुणी म्हणालं की अजूनही माझे पाय दुखायला लागतात. कानांचा आणि पायांचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. पण देवळाली प्रवरेला आमच्या घरमालकांच्या ओसरीवर मी जे दिवस काढले, त्यात हा संबंध जुळला तो कायमचाच.

मी तेव्हा सरकारी दवाखान्यात नर्स होते. बहात्तरचं साल. पावसानं पाठ फिरवलेली, पाटाला पाणी नाही, ऊस जागेवर वाळलेला. दिवसभर दुष्काळी कामांवर हिंडायचं, खडी फोडणाऱ्या बायांना लस टोचायची, जुलाबाच्या गोळ्या वाटायच्या, त्यांची पोरं तपासायची. संध्याकाळी खोलीवर येताना एकच इच्छा असायची, पाय कोमट पाण्यात सोडून बसावं. पण पाणी कुठलं आणायचं? मग नुसतंच भिंतीला पाय वर लावून पडायचं. चपला काढते न काढते तोच दारात सावली पडायची.

"आलात का बाई? जरा ऐकून सांगा."

हे आमचे घरमालक. साखर कारखान्यात, ऊस गाळायच्या मिलवर, सारा जन्म फिटर म्हणून काढून घरी बसलेले. उंच, हडकुळे, अंगात कारखान्याचा खाकी शर्ट, कानावर पेन्सिल. ती पेन्सिल त्यांनी कधी वापरलेली मी पाहिली नाही. मी त्यांना मामा म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला मामी. मूलबाळ नव्हतं. घरात ती दोघं, एक जुना मोठा रेडिओ, त्याला जोडलेला पेटीतला रेकॉर्ड प्लेयर, आणि पत्र्याच्या ट्रंकेत एक ओळ लहान रेकॉर्डी, मिनिटाला पंचेचाळीस फेरे घेणाऱ्या. रेकॉर्डींच्या मधे मधे मामीच्या जुन्या लुगड्याच्या घड्या घातलेल्या. मामी म्हणायची, "माझी लुगडी ट्रंकेत अन् मी दांड घातलेल्या फाटक्या लुगड्यावर."

रेकॉर्डीला हात लावण्याआधी मामा हात धुवायचे. दुष्काळात सुद्धा. तांब्याच्या तळाशी घोटभर पाणी घेऊन, बोटं एकेक करून, आणि मग वाऱ्यावर वाळवत उभे राहायचे. पुसायचे नाहीत, कारण पुसलं तर कापडाचे धागे लागतात. मामी तेवढा वेळ तांब्याकडे बघत बसायची. रेकॉर्ड काढायचे ती दोन तळव्यांच्या मधे, कडेला धरून. मी बाळंतपणात मूल सुद्धा इतकं जपून धरत नसेन.

सगळ्या रेकॉर्डी एका बाजूला आणि एक रेकॉर्ड एका बाजूला. ती कुणा बाईच्या भावगीताची होती. फार गाजलेली वगैरे मुळीच नाही. दुसऱ्या कडव्याच्या आधी वाद्यं थांबतात, आणि सूर वर चढवण्याआधी ती बाई दम घेते. बस्स, तेवढंच. एवढासा आवाज, हवा आत ओढल्याचा. मामांचा सगळा जीव त्या आवाजात होता.

"गानं काय बाई, शिकवलेलं असतं," ते म्हणायचे. "पेटीवाला शिकवतो, तबलेवाला सांभाळून घेतो. पन दम तिचा तिलाच घ्यावा लागतो. तिथं ती सापडती."

हे मला आवडायचं. खोटं कशाला बोलू? पहिल्यांदा ऐकलं तेव्हा फारच आवडलं. पण रोज संध्याकाळी ऐकलं की कुठलीही गोष्ट जरा पातळ होते.

तर भानगड अशी, की मामांना तो दम आता ऐकू येत नव्हता. दोन-तीन वर्षांमागे यायचा. मग कमी कमी होत गेला आणि एक दिवस नाहीसाच झाला. तो परत ऐकायचा, एवढाच त्यांचा ध्यास. आणि दोष कुणाचा, याबद्दल त्यांच्या मनात काडीची शंका नव्हती.

"खोट पिनेत हाय."

पीन म्हणजे रेकॉर्डीवर टेकते ती सुई, आणि ती ज्या डबीत बसते ते कार्ट्रिज. पीन खाचेतून फिरताना थरथरते, डबी त्या थरथरीची वीज करते, रेडिओ त्या विजेचा आवाज करतो. हे मला इतक्या वेळा समजावून सांगितलं गेलंय की मी झोपेत सांगेन. पीन नीलमाची असते तशी हिऱ्याचीही असते. डबी क्रिस्टलची असते तशी सिरॅमिकचीही. जाड पीन असते, बारीक पीन असते. मामांचं म्हणणं असं, की आपली रेकॉर्ड जाड पिनेनं वाजवून वाजवून वरच्या अंगाला घासली गेलीय.

"गाडीवाट बघितलीय का? रुंद चाक चाकोरीच्या वरल्या काठाला घासतं. तिथं परत रुंदच चाक घातलं तर ते खरडलेल्या काठावरनंच चालनार. पन बारीक चाक घाला. ते खाली तळाला उतरतं. तिथली माती कोरी असती."

म्हणजे बारीक पीन घातली की न घासलेला भाग वाजेल आणि दम परत येईल. सिद्धांत अगदी बरोबर होता, हे मला पुढं कळलं. चूक दुसरीकडेच होती.

रेकॉर्ड घासली कशी, याचीही कथा होती. गावातला लाऊडस्पीकरवाला एका लग्नासाठी ती मागून घेऊन गेला. मांडवात जनरेटरच्या धक्क्यानं पीन उड्या मारायला लागली, तेव्हा त्यानं पिनेच्या दांडीवर नाणं ठेवलं. वजनानं पीन बसली ती थेट रेकॉर्डीच्या उरावर. त्यातून त्यानं लाखेच्या जुन्या रेकॉर्डींची जाड पीन लावलेली. मामा जेवायचं ताट सोडून उठले आणि भर मांडवातून रेकॉर्ड काढून घेऊन उपाशी घरी आले. लाऊडस्पीकरवाल्याशी मात्र भांडले नाहीत. कुठल्याच माणसाशी कधी भांडले नाहीत. "त्याची काय चूक? पीनच तसली," म्हणाले. रेडिओवर कुणी मंत्री बोलायला लागला आणि नीट कळेना, तरी म्हणायचे, "ह्याची पीन झिजलीय." दवाखान्यातल्या आमच्या डॉक्टरांचं बोलणं त्यांना पुटपुटल्यासारखं वाटायचं, तेव्हाही तेच. मी हसायचे. तेव्हा मी नुसतीच हसायचे.

एक उन्हाळा तर क्रिस्टलपायी गेला. क्रिस्टलची डबी उन्हाळ्यात टिकत नाही, आतला स्फटिक उन्हानं मरतो, असं त्यांनी कुठं तरी ऐकलं. झालं. रात्रंदिवस डबी माठाला चिकटवून, ओल्या फडक्यात गुंडाळून. माझा तापाचा थर्मामीटर मागून नेला आणि फडक्यात खोचला. मी म्हटलं, "मामा, तो माणसांचा आहे."

"मग काय झालं? ताप तो ताप."

मामीला माठातलं पाणी पुरत नव्हतं आणि फडकं मात्र दिवसातून चारदा भिजायचं. ती मला म्हणाली, "मला ताप आला तर सांगू नका त्यांना. मलाबी माठाला बांधतील." महिन्याभरात डबी दमट होऊन मुकी झाली. उन्हानं मेली नसती ती पाण्यानं मेली. मामा दोन दिवस ती उलटसुलट करून बघत होते. मग म्हणाले, मालच खोटा होता.

माझं काम असं, की प्रत्येक नवी पीन आली की ऐकून सांगायचं. मी डोळे मिटून पडवीत बसायचे. डोळे मिटले की झोप यायची. वाद्यं थांबायची, बाई दम घ्यायची, आणि मी म्हणायचे, "आला."

"न्हाई आला."

"आला हो मामा."

"तुमी दमलाय, म्हनून म्हनताय. मला न्हाई आला." मग पीन काढायची, पुसायची, पुन्हा लावायची. बाई पुन्हा दम घ्यायची. मला खरंच यायचा हो ऐकू. जाड पिनेनं खरखरीतून यायचा, बारीक पिनेनं साफ यायचा, पण यायचा. आणि मामा अविश्वासानं माझ्याकडे बघायचे. दिवसभर राबून आलेल्या बाईला खोटं ठरवणं म्हणजे काय, हे त्यांच्या गावीही नव्हतं. कधी कधी असा राग यायचा की वाटायचं, ती रेकॉर्ड घ्यावी आणि गुडघ्यावर मोडावी.

मग एका सकाळी मी ओसरीवर वेणी घालत होते आणि मामा अंगणात आभाळाकडे बघत उभे होते. म्हणाले, "औंदा चिमन्याबी गेल्या बगा. दाना न्हाई, पानी न्हाई, ऱ्हातील कशाला? सकाळचं कसं सुनंसुनं वाटतं."

आणि माझ्या डोक्यावर वळचणीला चिमण्यांचा नुसता कालवा चालला होता.

मी वेणी तशीच हातात धरून बसले. नर्सला काय कळायचं ते कळलं. बारीक, वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात. चिमण्या जातात, सायकलची घंटी जाते, माणसांचं बोलणं पुटपुटल्यासारखं वाटायला लागतं. आणि गाण्यातला दम जातो. सारा जन्म मिलवर काढला माणसानं, जिथं शेजारच्याशी बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागतं. खोट पिनेत नव्हतीच.

मामी चुलीपाशी होती. मी तिच्याशेजारी जाऊन बसले आणि हळूच म्हटलं, "मामी, मामांना कमी ऐकू येतं."

तिनं भाकरी उलटली. "हळू कशाला बोलताय? त्यांना कुठं ऐकू जातंय?"

"तुम्हाला माहीत आहे?"

"आता ह्या घरात मी एकटीच बोलनारी. मला न्हाई तर कुनाला म्हाईत असनार? म्हनतात, हिला पुटपुटायची सवय लागलीय. म्हटलं बरं, पुटपुटती. मग बोलायचंच कमी केलं. वरडून वरडून सांगायचं तरी काय, मीठ संपलं म्हनून?"

"पण त्यांना सांगायला हवं."

"नका सांगू, बाई." तिनं पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "पिनेची खोट हाय तवर बाजारात जातात, टपाल बगतात, चार लोकांशी बोलतात. कानाची खोट म्हनलं की ते पेटी बंद करतील. अन् मग ते बसतील खांबाला टेकून, अन् मी बसंन त्यांच्याकडं बघत. मग दोघांनी करायचं काय?"

मी विषय सोडला आणि वेणी पुरी केली. मला पटलं म्हणून नव्हे. मी दमले होते, आणि तिचं म्हणणं खोडून काढायला जे बळ लागतं ते माझ्यात नव्हतं.

पण ते असं फार दिवस चालणार नव्हतं. पावसाळा पुन्हा कोरडा गेला आणि मामांच्या डोक्यात मुंबई शिरली. नगरला मिळत नाही अशी हिऱ्याची बारीक पीन मुंबईला मिळते, आपण एकटं जाऊन घेऊन येणार. मुंबईच्या रस्त्यात हा माणूस, मागून येणारी मोटार ऐकू न येणारा. त्याच आठवड्यात गावातच खडीचा ट्रक त्यांच्या अंगाला घासून गेला होता. ड्रायव्हरनं हॉर्नवर हात ठेवलेला, सगळा बाजार ओरडतोय, आणि हे आपले रस्त्याच्या मधून कानावरची पेन्सिल सांभाळत चाललेले. मामी त्या रात्री जेवली नाही. सकाळी मला म्हणाली, "काय बी करा, मुंबईला नका जाऊ देऊ."

म्हणून मी नगरच्या कापड बाजारातल्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याला निरोप पाठवला, की अशी पीन मागवून घे. आणि ती आल्यावर रजा टाकून मामांना घेऊन नगरला गेले. एसटीत मामा मांडीवर रेकॉर्ड उभी धरून बसले होते. कुणी शेजारी बसायला आलं की म्हणायचे, "जरा बेतानं, आजारी हाय." लोक माझ्या नर्सच्या पांढऱ्या साडीकडे बघायचे आणि गुमान सरकून बसायचे.

दुकानदार तोंडात पान धरून बसलेला, आळसटलेला माणूस होता. त्यानं दोन डब्या काढल्या. एक क्रिस्टलची, दणदणीत आवाजाची. ती लावली तर गाणं असं घुमलं की मामांचा चेहरा उजळला. "हां, ही बोलती," म्हणाले. पण दम नाहीच आला, असंही म्हणाले. मग दुकानदारानं दुसरी लावली. सिरॅमिकची, हिऱ्याची बारीक पीन. आवाज एकदम लहान झाला, पण काय साफ! तबल्यावरचं बोट न बोट वेगळं. वाद्यं थांबली. बाईनं दम घेतला.

मी तर बोलायचंच नाही असं ठरवलं होतं. पण दुकानदारानं पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं आणि आपल्या मालाचं कौतुक म्हणून सहज, गाण्यावरून मोठ्यानं बोलून गेला, "बघा काका, बाईनं दम घेतलेला सुद्धा ऐकू येतोय. एवढी साफ पीन आहे."

त्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. मामांनी दुकानदाराकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग फिरणाऱ्या रेकॉर्डीकडे.

"कुठं?" त्यांनी विचारलं.

दुकानदारानं पीन उचलून मागं ठेवली. "हे काय, आत्ता येईल... हा. आला."

मामांनी मान हलवली. "आला," ते म्हणाले. तो त्यांचा आवाज मला कधी विसरता आला नाही. दुकानदार ओळखीचा होता, म्हणाला दोन्ही घरी न्या, लावून बघा, नको ती पुढच्या बाजारच्या दिवशी परत आणा. मामांनी दोन्ही डब्या खिशात घातल्या.

परतीच्या एसटीत विळदचा घाट उतरेपर्यंत ते खिशातल्या डब्या चाचपत होते. मग पुढच्या सीटकडे बघतच म्हणाले, "पैल्यापास्नं येत हुता?"

"हो."

"पैल्या पिनेपास्नं?"

मी मोठ्यानं, तोंड त्यांच्याकडे करून म्हटलं, "हो मामा. सगळ्या पिनांतून."

"मंजी पिना समद्या चांगल्याच हुत्या," ते म्हणाले. मांडीवरची रेकॉर्ड सावरली आणि म्हणाले, "मी उगाच नावं ठेवली."

दुसऱ्याच आठवड्यात त्यांना कानाच्या डॉक्टरांना दाखवून आणलं. कान मिलच्या आवाजानं गेलेत, परत यायचे नाहीत, उलट अजून जातील, असं त्यांनी सांगितलं. मामांनी नम्रपणे नमस्कार केला, उठताना मला विचारलं, "काय म्हनाले?" आणि मी दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून ते वाक्य त्यांच्या कानात ओरडून सांगितलं. जिन्यातली सगळी माणसं वळून बघायला लागली. नर्स म्हणून मी पुष्कळ वाईट बातम्या सांगितल्यात, पण ओरडून सांगितलेली तेवढी एकच.

मामीची भीती अर्धी खरी झाली. पेटी काही दिवस बंद राहिली. मामा खांबाला टेकून बसायचे. बाजारचा दिवस जवळ आला आणि दोन डब्यांपैकी एक परत द्यायची होती. मला वाटलं, दोन्ही देतील. फार तर ती दणदणीत क्रिस्टलची ठेवतील, कारण तिच्यातून त्यांना निदान गाणं तरी ऐकू यायचं. हिऱ्याच्या बारीक पिनेतून त्यांना जे यायचं ते भिंतीपलीकडून कुणी गुणगुणावं एवढंच.

त्यांनी क्रिस्टलची माझ्या हातात दिली. "ही परत द्या."

"मामा, ही तुम्हाला ऐकू येते," मी ओरडले.

"मला काय, आज येती, उद्या न्हाई. पन हिला अजून दम ऐकू येतोय ना?" त्यांनी स्वयंपाकघराकडे मान वळवली. "हिनं इतकी वर्सं माझ्याशेजारी गानं ऐकलं, अन् मी हिला एकदाबी विचारलं न्हाई, की तुला आला का म्हनून. तुमाला रोज विचारलं. हिला न्हाई. हिच्यासाठी चांगली पीन ऱ्हाऊ द्या घरात."

त्या संध्याकाळपासून पेटी पुन्हा सुरू झाली. मामा हात धुवून, वाळवून रेकॉर्ड लावायचे आणि मामीला हाक मारायचे. ती चुलीवरचं उतरवून ठेवून त्यांच्याशेजारी येऊन बसायची. वाद्यं थांबली की ती त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवायची. मामा मान डोलवायचे, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर असं समाधान की बघणाऱ्याला वाटावं, ऐकू आला यांना. मला मात्र कुणी ऐकून सांगायला बोलवेना. मी खोलीत भिंतीला पाय लावून पडायचे, आणि खरं सांगते, जरा चुकल्यासारखं व्हायचं.

पुढच्या वर्षी माझी श्रीगोंद्याला बदली झाली. वळकटी बांधून झाली, टांगा यायचा होता. मामी दारात उभी होती. मी म्हटलं, "मामी, तुमचं बरं आहे. रोज संध्याकाळी आवडतं गाणं."

"कुनाचं आवडतं?" ती म्हणाली. "वीट आलाय मला त्या बयेचा. पैल्यापास्नं न्हाई आवडलं ते गानं. नुसतं रडगानं." आत मामांनी रेकॉर्ड काढल्याची खुडबुड झाली. तिनं मागं वळून बघितलं. "पन मी न्हाई बसली तर तिनं दम कवा घेतला, हे त्यांना सांगनार कोन?"

आतून हाक आली. मामी पदराला हात पुसत गेली.